उसन्या रायफलीचा इतिहास

स्मरणिकेसाठी ‘काहीतरी इतिहासाचं लिही’ असा निरोप आला, तेव्हा संपादक मंडळाची अपेक्षा घोडबंदरच्या किल्ल्याची असणार. पण आपल्या सहली इतक्या वेळा त्याच किल्ल्यावर गेल्या की त्याच्यावर आणखी लिहायची माझी हिंमत नाही. मी बंदुकीवर लिहिणार आहे. पेणकरपाड्यातल्या आपल्या वर्गाचा बंदुकीशी काय संबंध, असं ज्यांना वाटेल त्यांनी नववीतली जत्रा आठवावी.

फुगे फोडायच्या स्टॉलवर आपण सगळी मुलं रांगेनं हरलो होतो. आपल्या वर्गातली एक मुलगी (नाव लिहायचं नाही अशी तिची अट आहे, पण ओळखाल) बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग तिनं बंदूक घेतली आणि पाच छर्‍यांत पाच फुगे फोडले. कसे, ते नंतर सांगितलं. सगळ्यांचे छर्रे डावीकडे जात होते, म्हणून ती फुग्याच्या उजवीकडे नेम धरत होती. स्टॉलवाल्यानं पुन्हा बंदूक द्यायला नकार दिला. मागे आपले पी.टी.चे सर उभे होते. त्या दिवसापासून सरांच्या डोक्यात ती बसली.

सरांनी एका रविवारी तिला वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर नेलं. तिच्या घरून एकटीला सोडत नव्हते, म्हणून शेजारी राहणारा मीही गेलो. सरांच्या ओळखीच्या एका नेमबाजानं आपली रायफल तासभर तिच्या हातात दिली. मला मात्र शेजारच्या तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसवलं. मला वाटलं होतं, दुर्बीण बंदुकीवरच असते. तसं नसतं. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. मागे एक बारीक भोक, पुढे एक कडं, आणि त्या दोन्हींच्या मधोमध काळं वर्तुळ धरायचं. कागदी टार्गेटवर गोळी कुठे लागली, ते शेजारच्या दुर्बिणीतून बघायचं. पन्नास मीटरवरच्या टार्गेटचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. करंगळीच्या नखाएवढं म्हणा. एवढ्या अंतरावर पॉइंट टू टूची छोटी गोळी वार्‍यानंही सरकते, म्हणून रेंजवर वार्‍याची निशाणं लावतात.

परतताना सरांनी किमतीची चौकशी केली. स्पर्धेच्या चांगल्या रायफली जर्मनीच्या. त्या परदेशातून आणायच्या, वर परवाना, वर काडतुसं. तिचे वडील मिठागरावर. पुढे दोन-तीनदा उसन्या रायफलीवर सराव झाला, मग दहावीचं वर्ष आलं आणि विषय संपला. सरांना याची रुखरुख शेवटपर्यंत होती.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी नंतर हा धागा धरून वाचत गेलो, तेव्हा पुन्हा पुन्हा तीच गोष्ट भेटली. देशाची नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली १९५१ साली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा ही आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी आहे. पण पायरी बांधली तरी रायफल कुठून आणायची? साध्या घरातल्या बहुतेकांच्या हाती ती पहिल्यांदा आली एनसीसीमुळे. अंजली भागवत कीर्ती कॉलेजात एनसीसीत होत्या, तिथून त्या नेमबाजीत आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांच्याकडे सुरुवातीला स्वतःची रायफल नव्हती. २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनमध्ये त्या जगज्जेत्या झाल्या. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय स्त्री.

आणि स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव, वडील शिक्षक. २००९ मध्ये तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढलं. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाल्यावर पगारातून पैसे साठवून त्यानं स्वतःची रायफल घेतली. दीपाली देशपांडे यांचं मार्गदर्शन होतंच. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा येऊन अंतिम फेरीत पोचला आणि १ ऑगस्ट २०२४ ला ४५१.४ गुणांवर त्यानं कांस्य घेतलं. खाशाबा जाधवांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या दुपारी आपल्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं फिरत होती. तिचा मेसेज मात्र एकच होता : ‘सर हवे होते.’

आता दिवस थोडे बदललेत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पॉइंट वन सेव्हन सेव्हनपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. देशी बनावटीच्याही मिळतात. स्पर्धेची परदेशी रायफल मात्र अजूनही लाखांत जाते.

गेल्या हिवाळ्यात आपल्यातल्या एकाच्या वाड्याकडच्या शेतावर आम्ही सात-आठ जण जमलो होतो. त्याच्या मुलानं स्प्रिंगची एक देशी एअर रायफल आणली होती, वर स्वस्तातली दुर्बीण. आधीची दुर्बीण महिन्याभरात निकामी झाली म्हणाला. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, साध्या दुर्बिणीची भिंगं तो सोसत नाहीत, हे त्याला दुकानदारानं सांगितलं नव्हतं. बांधाच्या मातीच्या उंच भिंतीसमोर पन्नास पावलांवर कागद लावला. दुर्बीण वीस पावलांवर जुळवलेली, त्यामुळे आमचे छर्रे जवळजवळ वीतभर खाली मातीत.

ती चष्मा पुसत खुर्चीवर बसून बघत होती. आमचं आटोपल्यावर उठली.

‘‘अरे, तुम्ही अजून फुग्यावरच नेम धरताय,’’ म्हणाली, आणि रायफल मागून घेतली.

पाच छर्रे. चार कागदात, त्यातले दोन काळ्यात. पाचवा कुठे गेला ते दिसलं नाही. तिनं मुलाला विचारलं, ‘‘छर्रे आहेत का अजून?’’