बसऱ्याचे आजोबा

पितृपक्ष आला की मला आमच्या सिंदखेडराजाजवळच्या घरातली एक गोष्ट हमखास आठवते. बाकीच्या पितरांना त्यांच्या त्यांच्या तिथीला एकेकच पान. पण एका माणसाला दोन पानं मिळायची, लागोपाठ दोन दिवस. चतुर्दशीला एक आणि दुसऱ्या दिवशी सर्वपित्रीला एक.

लहानपणी मला वाटायचं, हे आजोबा फार खादाड असणार. एकदा आजीला विचारलंच. आजी कढीला फोडणी देत होती. मागे वळून न बघता म्हणाली, "कोन सांगावं बापा, गोयी लागली का ताप आला? दोन्ही रोजी ठेवाव. उपाशी नाई जायला पायजे तो."

याचा अर्थ बऱ्याच वर्षांनी कळला. कॅलेंडरात भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या चौकटीत 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांचा तो दिवस. ज्यांची तिथीच माहीत नाही त्यांचा दिवस सर्वपित्री अमावास्या. आमचे हे आजोबा, म्हणजे आजीचे चुलतसासरे, पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. कसे गेले ते कोणालाच माहीत नाही. म्हणून दोन पानं.

घरात त्यांचं नावही कुणी घेत नसे. 'बसऱ्याचे आजोबा' एवढंच.

थोडं वाचल्यावर त्यांच्या आसपासचं चित्र दिसायला लागलं. इराकच्या मोहिमेत पुण्याची सहावी डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ही फौज बसऱ्याहून टायग्रिसच्या काठानं बगदादच्या दिशेनं चढत गेली, तिथून मागं रेटली गेली आणि कुत-अल-अमारा या गावात वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपलं, घोडे कापून खाल्ले गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या हाती सापडले आणि त्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आलं. गोळीनं मेले त्याहून कितीतरी जास्त माणसं तापानं, हगवणीनं आणि उपासमारीनं गेली. आजीचा प्रश्न किती नेमका होता बघा!

त्यांना घरी आणायचा प्रश्नच नव्हता. युद्धातल्या कबरींसाठी १९१७ मध्ये जे साम्राज्याचं कमिशन नेमलं गेलं, त्याचं धोरणच होतं की गोरा असो की काळा, कोणाचाही देह मायदेशी न्यायचा नाही. ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांची नावं भिंतींवर कोरायची. बसऱ्याला असं मोठं स्मारक आहे, ४० हजारांहून अधिक लोकांचं. १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून उचलून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. पण त्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं आहेत आणि साध्या हिंदी शिपायांची फक्त संख्या. अमुक पलटण, इतके शिपाई. नावं वेगळ्या नोंदवहीत. याबद्दल त्या कमिशनच्या वारसांनी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

नोंदींमध्ये मी आजोबांना शोधलं. नाव इतकं सर्रास की तसे कितीतरी निघाले. त्यातल्या कोणाला आपलं म्हणायचं?

आपल्या शास्त्रात देह न मिळालेल्यासाठीसुद्धा सोय आहे. पळसाची ३६० पानं देठांसकट घ्यायची, त्यांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. त्याला पालाशविधी म्हणतात. आमच्या घरी तो झाला नाही, कारण त्यांच्या बायकोनं होऊ दिला नाही. ती शेवटपर्यंत कुंकू लावत होती. गावात तिला वेडी म्हणत.

मला ती वेडी वाटत नाही. पानिपत आठवा. १४ जानेवारी १७६१. सदाशिवरावभाऊंचं शव सापडलं आणि त्याला अग्नी दिला, असं काशीराजाच्या वृत्तांतात आहे. पण पुण्यात ते सगळ्यांना पटलं नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. पुढं भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागं हजारो लोक गेले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड देईपर्यंत पेशवाईला घोर लागून राहिला. डोळ्यांनी पाहिलेला देह नसला की माणसं आशेलाच धरून बसतात. मग ती आजोबांची बायको असो की पेशव्यांच्या घरातली.

आणि हे फार जुनंही नाही. ५ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं विमान पाकिस्तानात शोरकोटवर पडलं. पाच वैमानिक पकडल्याची बातमी तिकडच्या एका पेपरात आली, त्यात 'टॉम्बे' असं एक नाव होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. बेपत्ता ५४ जणांच्या यादीत तांब्यांचं नाव आहे. १९८३ आणि २००७ मध्ये नातेवाईक पाकिस्तानचे तुरुंग बघून आले, हाती काही लागलं नाही. ते सरकार म्हणतं, आमच्याकडे कोणी नाही. पेपरात छापलेल्या त्या एका शब्दावर दमयंतीबाईंनी आयुष्य काढलं.

कधीकधी मात्र बर्फ माणूस परत देतो. १९९३ मध्ये सियाचीनवर बर्फाच्या भेगेत पडलेले महाराष्ट्राचे हवालदार पाटील २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सापडले, २१ वर्षांनी. ओळख पटली ती खिशातल्या घरच्या पत्रावरून. ते वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. एकवीस वर्षं ते पत्र खिशात होतं...

कारगिलच्या लढाईपासून, म्हणजे १९९९ पासून, शहीद जवानाचा देह गावी पोचवायची रीत पक्की झाली. त्याआधी बहुतेकांना सीमेजवळच अग्नी मिळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच बुलडाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचीनवर गेला. दोन-तीन दिवसांत, ऐन दसऱ्याच्या तोंडावर, तो गावी आला. सारा पंचक्रोशीतला माणूस रस्त्यावर उभा होता. दुःख तेवढंच, किंबहुना जास्तच. पण त्या आईला दोन पानं ठेवावी लागणार नाहीत.

सिंदखेडराजात लखुजी जाधवांची भलीमोठी समाधी आहे. त्यांना १६२९ मध्ये मारलं दौलताबादेत, निजामाच्या दरबारात. समाधी मात्र आपल्या गावात. लहानपणी आम्ही तिच्या सावलीत खेळायचो तेव्हा हे कधी डोक्यात आलं नाही. मोठ्या माणसांना आपल्या मातीत जागा मिळते. साध्या शिपायाला ती मिळायला आणखी पावणेचारशे वर्षं लागली.

असो. आजी गेली. आता पानं मी ठेवतो, दोन्ही दिवशी. मुलीनं यंदा विचारलं, हे आजोबा दोनदा का जेवतात? आजीचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून ठेवा. निदान नाव तरी विचारा. आमच्याकडे ते विचारायलाच उशीर झाला होता. काकांच्या एका जुन्या वहीत ते सापडलं.

राघोजी होतं त्यांचं नाव.