सोड्याच्या पावाचं वय

आयर्लंडचा सोडा ब्रेड म्हटलं की लोक थेट प्राचीन काळात जातात. प्रत्यक्षात हा पाव जेमतेम दोनशे वर्षांचा, आणि त्याच्या जन्माला चुलीइतकाच कारखानाही कारणीभूत आहे.

पूर्वी सोडा राखेतून काढत. आयर्लंडच्या किनाऱ्यावर त्यासाठी समुद्री शेवाळ जाळत, पण तो माल जायचा साबणवाल्यांकडे आणि काचवाल्यांकडे. १७९१ साली निकोलस लेब्लाँ या फ्रेंच माणसाने मिठापासून सोडा करण्याचं पेटंट घेतलं. क्रांतीत त्याचा कारखाना जप्त झाला, १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याची कृती फळली ती समुद्रापलीकडे. १८२३ साली मिठावरचा जबर कर उतरताच, मूळच्या डब्लिनच्या जेम्स मस्प्रॅटने लिव्हरपूलला असा कारखाना काढला. सोडा आणि त्यापासून होणारा खाण्याचा सोडा स्वस्त होत गेला, आणि १८३६ मध्ये सोड्याच्या पावाची कृती छापूनही आली.

आयरिश घरांनी तो उचलला, कारण तिथल्या दमट हवेतला गहू मऊ, ग्लुटेन कमी. यीस्टचा पाव त्यात धड उभा राहत नाही. शिवाय लोणी काढून उरलेलं आंबट ताक घरात असायचंच. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, पीठ फुगतं. भट्टीही लागत नसे: विस्तवावर ‘बॅस्टिबल’ हे बिडाचं भांडं, झाकणावर निखारे. गोव्याची बिबिंका होताना पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. उत्तरेत मात्र पीठ चपटं थापून, त्याचे चार तुकडे करून तव्यावर भाजतात.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने बुडत गेलं आणि त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. बटाट्यावरचा भरवसा उडाला, तशी ताटात या पावाची जागा वाढत गेली.

अमेरिकेत त्यात साखर, अंडी, मनुका, शहाजिरं आलं. चवीला छान, पण तो केक झाला.

मूळ पावाला ४५० ग्रॅम मैदा, चहाचा सपाट चमचाभर खाण्याचा सोडा, तेवढंच मीठ आणि साडेतीनशे मिलिलिटर घट्ट, आंबट ताक पुरे. जेवणानंतर पितो ते पातळ ताक नको. मळू नका, हलक्या हाताने गोळा करा, कारण वायू लगेच सुटायला लागतो. वर खोल फुली कापा. पऱ्यांना बाहेर पडायला वाट म्हणून ती कापतात असं सांगतात. खरं तर त्यामुळे मधला भाग कच्चा राहत नाही. ओव्हनमध्ये २३० अंशांवर पंधरा मिनिटं, मग २०० वर अर्धा तास. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ वाजला की झाला. त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी तो टोस्टपुरताच.