रविवार कोणी मिळवला आणि सोमवारी छाती का आवळते?

आजच्या भागाचं निमित्त म्हणजे ऑफिसमधून आलेला एक मेल. रोज दहा हजार पावलं चाला, पॉइंट्स मिळवा. वर्षाअखेरीस या पावलांची बेरीज कंपनीच्या सस्टेनेबिलिटी रिपोर्टमध्ये, 'कर्मचाऱ्यांचं आरोग्य' या पानावर. त्याच वर्षी आमची टीम कितीदा रात्री दोन वाजेपर्यंत कॉलवर होती, ती बेरीज मात्र कुठे नाही. असो. गिरण्यांच्या काळात हा हिशोब कसा मांडला जायचा, ते बघू.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्यांना काम नाही, बारापर्यंतच्यांना नऊ तास. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात अक्षर नाही. मग सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. हे एकेकाळी गिरणीत स्टोअरकीपर होते, सत्यशोधक होते आणि 'दीनबंधू' चालवायचे. तिथून जो अर्ज गेला त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या ऐका: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय.

माझ्या मते हा आपल्याकडचा पहिला वेलनेस प्रोग्राम, फक्त तो खालून वर गेला. यात कामगाराने काय खावं, किती चालावं याबद्दल काही नाही. सगळं वेळेबद्दल आणि पैशाबद्दल आहे.

१८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन बायकांनीही भाषण केलं, आणि १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. (रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही लोखंड्यांनी मांडला होता असं सांगतात.) सूर्यास्ताची अट मात्र टिकली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचे तास पुन्हा वाढले. लॅपटॉप घरी नेणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता नागपूर. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिथे हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली, आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले. पण कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणजे दमट हवा आधी धाग्यासाठी होती. यात ढोंग काही नाही, पण त्याला कामगार-कल्याण म्हणताना मी जरा थांबेन. १८८६ चा पेन्शन फंड आणि १८९५ पासूनची अपघाताची भरपाई मात्र वेगळी. त्यातून धाग्याला काहीच मिळत नव्हतं.

आणि धाग्यावरून आठवला तो रोग, बिसिनोसिस. पिंजण-कार्डिंग खात्यातली कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते आणि दम लागायला लागतो. याची सुरुवातीची खूण विलक्षण आहे: त्रास सोमवारी जास्त. आठवडाभर धुळीत राहून शरीर थोडं सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो आणि पहिल्या पाळीला छाती आवळते. म्हणून डॉक्टरचा नेमका प्रश्न असतो, "सोमवारी कसं वाटतं?" विचार करा, सुट्टीच नसेल तर हा फरक दिसणार कुठे?

यावर खरा इलाज म्हणजे धूळ जिथे उडते तिथेच ती ओढून घेणारी यंत्रणा. ती महाग. तोंडाला फडकं बांध, असं कामगाराला सांगणं फुकट. आज बिसिनोसिस भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. पण भरपाई मागायची तर रोग कामामुळेच झाला, हे आधी ठरावं लागतं, आणि समोरचा माणूस बिडी ओढणारा असेल तर वाद तिथेच अडतो.

आता परत रिपोर्टकडे. २०२२-२३ पासून सेबीने देशातल्या पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना 'बीआरएसआर' नावाचा अहवाल सक्तीचा केला. त्याचं तिसरं तत्त्व कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचं. आरोग्य विमा, अपघात विमा, पाळणाघर, कामावरचे अपघात, सगळं आकड्यांत द्यावं लागतं, आणि कायम कामगार व कायम नसलेले कामगार असे वेगळे रकाने असतात. तुमच्या कंपनीचा अहवाल असेल तर उघडा, फोटो सोडून द्या आणि थेट कायम नसलेल्यांच्या रकान्यावर जा. कँटीनवाले, हाउसकीपिंगवाले, रात्रीचे वॉचमन. त्यांच्यापुढे किती टक्के लिहिलेत, ते मला कमेंटमध्ये सांगा.