त्रिरश्मीचे लेणे, कोलिकांचा माग आणि काखडीचे शेत



विहार म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे तथागतांची मूर्ती, परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर, पंचशील ध्वज, पौर्णिमेची वंदना आणि रविवारचा पोरांचा अभ्यासवर्ग येतो. ते योग्यच आहे. पण विहार या शब्दाचा मूळ अर्थ राहण्याची जागा असा आहे. भिक्खूंनी पावसाळ्यात राहायचे कुठे, खायचे काय, पांघरायचे काय, आजारी पडले तर औषध कुठले, शिकायचे-शिकवायचे कसे, या सगळ्या प्रश्नांची सोय म्हणजे विहार. आणि ही सोय आपल्या या महाराष्ट्रातच दोन हजार वर्षांपूर्वी कशी केली होती ते दगडावर लिहून ठेवलेले आहे. आपण ते वाचत नाही. नाशिकला जातो, डोंगर चढतो, फोटो काढतो आणि 'पांडवलेणी बघून आलो' म्हणून सांगतो. पांडवांचा त्या डोंगराशी काडीचाही संबंध नाही. लेण्यांतल्या लेखांत त्या डोंगराचे नाव तिरण्हु म्हणजे त्रिरश्मी असे आहे. आमची सर्वांना विनंती आहे की निदान आपल्या घरात तरी त्याला त्रिरश्मी म्हणावे.

ही अक्षरे शेकडो वर्षे कोणाला वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाशिकच्या लेखांवर मेहनत घेतली. डॉ. वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि क्षत्रपांचे लेख मराठीत आणले, तर कान्हेरीच्या लेखांचे पुस्तक डॉ. शोभना गोखले यांनी केले. आमच्यासारख्या साच्यावर उभे राहून दिवस काढलेल्या माणसाला हे ग्रंथ एकदम उमगत नाहीत. पण लायब्ररीत बसून दोनदा-तीनदा वाचले की अर्थ लागतो. त्यातले आम्हाला जे महत्त्वाचे वाटले तेच येथे देत आहोत.

सुरुवात शेतापासूनच करावी लागते. वर्षावास का सुरू झाला? विनयात कारण दिले आहे. भर पावसात भिक्खू हिंडतात, हिरवे कोंब तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात, अशी लोकांनी तक्रार केली. भगवंतांनी ती ऐकली आणि पावसाळ्यात भिक्खूंनी एके ठिकाणी राहावे असा नियम केला. म्हणजे बघा, शेतात पीक वाढण्याच्या दिवसांत संघाने आपली चाल थांबवली. चिवराचेही तसेच. मगध देशातली शेते, त्यांचे पट्टे, मधले बांध, चौकोन पाहून तथागतांनी आनंदाला विचारले की असे चिवर करता येईल का? आनंदाने तसे तुकडे जोडून चिवर केले. आज आपल्या विहारात भन्तेजी येतात तेव्हा त्यांच्या चिवरावरची शिवण नीट पाहावी. ते शेताचे बांध आहेत.

आता पावसाळ्यात राहायचे तर घर हवे. पालीत निवाऱ्याला 'लेण' म्हणतात, त्यावरून आपला लेणे हा शब्द आला. सह्याद्रीचा काळा दगड टणक खरा, पण सलग. त्यात छतापासून खाली कोरत यायचे, म्हणजे उंच परांची बांधायला नको. विटा नकोत, चुना नको, खांब आणून उभे करायला नकोत, दगडातच ठेवायचे. आत उन्हाळ्यात गारवा आणि पावसात कोरडे. झोपायला दगडाचाच ओटा. कार्ले-भाजे येथे छताला लाकडी कमानी बसवल्या, त्यातल्या काही आजही जागेवर आहेत. दोन हजार वर्षांचे लाकूड! आणि आमच्या चाळीतल्या तुळया चाळीस वर्षांत वाळवीने खाल्ल्या. असो.

पण खरी अक्कल पाण्यात दिसते. कान्हेरीला जे गेले असतील त्यांना आठवेल, बहुतेक लेण्यांच्या पुढे एका बाजूला चौकोनी तोंडाचे पाण्याचे टाके असते. लेखात त्याला 'पाणीयपोढी' म्हटले आहे. पोढी हा शब्द अजून गड हिंडणाऱ्यांच्या तोंडी आहे. डोंगराच्या माथ्यावरून पडणारा पाऊस दगडात कोरलेल्या बारीक पन्हळींनी वळवून या टाक्यांत सोडला आहे. शंभरावर लेणी, तेवढ्या माणसांचे पाणी, आणि सगळे आभाळातून आलेले. ओढ्यावर बांध घातल्याच्याही खुणा तेथे आहेत. दान देणारा माणूस 'लेणे आणि पोढी' असे जोडीनेच लिहितो. नुसते लेणे दिले आणि पाणी नाही, तर ते दान अर्धवट, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. मुंबईत आज बिल्डर घर देतो आणि पाण्याला टँकर मागवा म्हणतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदात याचा लेख आहे. हा शक, म्हणजे बाहेरून आलेल्यांतला. क्षत्रप नहपान राजाचा जावई. (हाच उषवदात ब्राह्मणांनाही पुष्कळ दाने देत होता, तेही त्याने लिहिले आहे. इतिहास सांगताना ते लपवायचे कारण नाही.) त्याने लेणे 'चातुदिस' संघाला दिले. चारी दिशांच्या संघाला, म्हणजे कुठूनही आलेल्या भिक्खूला. लेणे देऊन तो थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्याला 'अक्षयनीवी' म्हणत. मुद्दल कधी काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. ही ठेव कोणाकडे ठेवली असेल? राजाच्या खजिन्यात नाही, सावकाराकडे नाही. गोवर्धन गावातल्या कोलिकांच्या निकायांकडे. कोलिक म्हणजे विणकर! विणकरांच्या संघटना. एका निकायाकडे दोन हजार, शेकडा एक व्याजाने. दुसऱ्याकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने.

हा हिशेब आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिला आहे, वाचकांनीही करावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस कार्षापण, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात म्हटले आहे की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक पैशाचा फरक नाही! दुसऱ्या हजाराचे व्याज 'कुशणमूल' नावाच्या खर्चाला लावले आहे, त्या शब्दाच्या अर्थाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. शिवाय आठ हजार नारळाच्या झाडांचे दान आहे. आणि हे सगळे निगमसभेत सर्वांपुढे वाचून दाखवले, रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदवले, असेही लिहिले आहे. आजकाल संस्थांचे जमाखर्च सभासदांना मागूनसुद्धा मिळत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आम्ही गिरणीतले लोक. ताणा कसा भरतात, धागा तुटला तर साचा कसा थांबतो, तीन पाळ्यांत माणसाचे काय होते, ते आमच्या पिढीला सांगायला नको. विणकर म्हणजे ज्याला दुसऱ्याने राबवून घ्यायचे, अशीच आमची समजूत करून दिलेली. आणि येथे दगडावर लिहिले आहे की राजाचा जावई आपले पैसे विणकरांच्या निकायाकडे ठेवतो, कारण त्यांची पत आहे, ते कायम व्याज देतील असा भरवसा आहे. त्या व्याजातून पुन्हा कापडच घ्यायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि कामगार देणी मागत फिरला. त्यात असा एखादा निकाय आमच्याकडे असता तर, असा विचार आल्यावाचून राहत नाही.

फक्त राजेलोकच देत होते असेही नाही. जुन्नरला धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली आहे. नाशिकलाच एक लेणे मुगूदास नावाच्या 'दासकाने' कुटुंबासह दिले. दासक म्हणजे मासे पकडणारा, असे जाणकार सांगतात. त्याच लेण्याला बोधिगुप्त उपासकाचा मुलगा धर्मनंदी याने एक शेत दिले, त्या शेताच्या उत्पन्नातून एका भिक्खूचे चिवर व्हावे म्हणून. एक शेत, एक चिवर. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्रिरश्मीवरच्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव ठेवली. तीही कारागिरांच्या श्रेणींकडेच. त्यांत कुंभार आहेत, तेली आहेत, आणि 'ओदयंत्रिक' म्हणजे पाण्याची यंत्रे करणारेही आहेत. बाईमाणसाने केलेला हा व्यवहार आहे, हे आमच्या महिला मंडळाने ध्यानात घ्यावे.

आता जमिनीची गोष्ट, आणि येथे जरा थांबावे लागते. उषवदाताने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापण देऊन शेत विकत घेतले आणि लेण्यातल्या भिक्खूंच्या जेवणासाठी दिले. पैसे मोजून घेतले, कोणाचे हिसकावले नाही, हे चांगलेच. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पराभव केला आणि आपल्या अठराव्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवला. अपरकाखडी गावातले, पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तन शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना द्या. निवर्तन हे जमिनीचे त्या वेळचे माप. त्या शेतात सरकारी माणसाने शिरायचे नाही, मिठासाठी खणायचे नाही, अशा सवलतीही दिल्या.

पण सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला. त्यात राजा आणि राजमाता दोघांचा उल्लेख आहे. हुकूम सांगतो की काखडीचे ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातले शंभर निवर्तन द्यावे.

हे वाचल्यावर आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा की, ते गाव उठले का? लढाईत जळाले, की दुष्काळ पडला, की कुळे कंटाळून गेली? लेख सांगत नाही. देणाऱ्याचे नाव आहे, अमात्याचे नाव आहे, नांगर धरणाऱ्याचे नाव नाही. सवलती मिळाल्या त्या शेताला आणि संघाला, पण कसणाऱ्याच्या वाट्याला किती पायली आल्या ते कोठेच नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यावर गावाची रात्रंदिवस वेठ केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणले ते त्यासाठीच. म्हणून जमिनीचे दान वाचताना आपल्या लोकांनी नुसते साधू साधू म्हणू नये, तो प्रश्नही विचारावा. बुद्धाच्या संघाचे लेख असले तरी विचारावा. काखडीचा लेख उलट एवढे कबूल करतो की माणसे गेली की दोनशे निवर्तन जमिनीला कवडीची किंमत राहत नाही.

शिकण्याबद्दल थोडे. कान्हेरीला अकराव्या क्रमांकाचे मोठे लेणे आहे, लोक त्याला दरबार हॉल म्हणतात. त्यात मधोमध दोन लांबच लांब, ठेंगणे दगडी बाक आहेत. समोरासमोर बसून संघ तेथे जमत असणार. कान्हेरी हजार वर्षे नांदती होती. नवव्या शतकात शिलाहार पुल्लशक्तीच्या वेळच्या लेखात दानाची वाटणी केली आहे, त्यात डागडुजीला पैसे, चिवराला पैसे आणि पोथ्यांना पैसे असे वेगवेगळे सांगितले आहे. शक ७७५ मध्ये, म्हणजे इ. स. ८५४ च्या सुमारास, गौड म्हणजे बंगालच्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने येथे शंभर द्रम्म ठेवले. बंगालचा माणूस साष्टीच्या डोंगरावर येतो आणि दान देतो, तर त्या जागेचा लौकिक काय असेल! बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले तेव्हा त्याला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. डोंगरापलीकडे औरंगाबादची लेणी आहेत. ती नावे त्यांनी सहज दिली नव्हती.

कान्हेरीला दिलेल्या शेतांपैकी एक मंगलठाण गावात होते. अभ्यासक म्हणतात ते म्हणजे आपले बोरिवलीचे मागाठाणे. बसच्या पाटीवर रोज वाचतो ते. तेथेही बौद्ध लेणी आहेत, झोपड्यांच्या गर्दीत दबलेली, बऱ्याच मुंबईकरांना माहीतही नाहीत.

अभ्यासवर्गाच्या मुलांना पावसाळ्यात कान्हेरीला न्यायचे ठरवले आहे. टाक्यांत पाणी कसे उतरते ते त्याच दिवसांत दिसते. मुलांनी वही, पेन्सिल आणि टॉर्च आणावी. टॉर्च बाजूने तिरपी धरली की अक्षरे उठून दिसतात. अक्षरांवर खडू फिरवायचा नाही, पाणी मारायचे नाही. पालकांपैकी कोणाला यायचे असल्यास आधी विहारात नाव द्यावे, डबा घरूनच आणावा.