मेंदूच्या आजारांना ओपीडी कशी मिळाली?

१/
इ.स. १८१७. लंडनमधील जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. हातांना कंप सुटलेली, पुढे झुकून घाईघाईने पावले टाकणारी माणसे हा तिचा विषय. पुस्तिकेला आधार अवघ्या सहा रुग्णांचा. त्यांतले काही त्यांना रस्त्यात भेटले होते. एकाला तर त्यांनी केवळ दुरून पाहिले होते. पुढे ज्या आजाराला त्यांचेच नाव मिळाले, त्या कंपवाताची ही पहिली नेटकी नोंद.

२/
एका डॉक्टरला आपले रुग्ण रस्त्यात का शोधावे लागले? कारण असा रुग्ण त्याला पुनःपुन्हा भेटेल अशी जागाच तेव्हा नव्हती. आज 'न्यूरोच्या ओपीडीचा वार कोणता?' हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. तो वार, तो बाक आणि तो केसपेपर इतिहासात कसा आला, आणि त्याने मेंदूविषयीचे ज्ञान कसे बदलले, याची ही हकीकत.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील बहुतेक मोठी रुग्णालये देणग्यांवर चालत. देणगीदारांना 'इतके आले, इतके बरे होऊन गेले' असा हिशेब हवा असे. अर्धांगवायूचा रुग्ण महिनोन्‌महिने खाट अडवतो. फेफऱ्याचा रुग्ण आज बरा दिसतो आणि उद्या कोसळतो. म्हणून अनेक रुग्णालयांच्या नियमांनी जुनाट आणि असाध्य आजारांना दार बंद ठेवले होते. उरत होत्या तीन जागा : घराची मागची खोली, गरिबांचे आश्रयगृह आणि वेड्यांचे इस्पितळ.

४/
पॅरिसमध्ये चित्र वेगळे होते, पण सुखाचे नव्हते. साल्पेत्रियेर ही मुळात बंदुकीच्या दारूसाठी सोरा साठवण्याची जागा. चौदाव्या लुईच्या काळात, १६५६ मध्ये, तिचे आश्रयगृह झाले आणि तेथे हजारो निराधार, वृद्ध, आजारी स्त्रिया राहू लागल्या. १८६२ मध्ये झाँ-मार्तँ शार्को तेथे प्रमुख वैद्य म्हणून आले. इतरांना जेथे अडगळ दिसत होती तेथे त्यांना जिवंत संग्रहालय दिसले.

५/
शार्को यांची पद्धत शिस्तीची होती. रुग्णाची लक्षणे वर्षानुवर्षे टिपायची. मृत्यूनंतर मेंदू व मज्जारज्जू तपासायचा. दोहोंची सांगड घालायची. याच मार्गाने १८६८-६९ च्या सुमारास मल्टिपल स्क्लेरोसिस आणि एएलएस या आजारांची चित्रे स्पष्ट झाली. मात्र या पद्धतीत ज्ञान पूर्ण व्हायला रुग्णाचा मृत्यू लागे. रोगाचा शेवट तिला उत्तम दिसे. रोगासह बाहेर जगणारा, काम करणारा, संसार चालवणारा माणूस तिच्या कक्षेत क्वचितच येई.

६/
हीच उणीव लंडनमधल्या एका घराने वेगळ्या बाजूने अनुभवली. जोहाना, लुईझा आणि एडवर्ड चँडलर ही भावंडे आजीच्या आधाराने वाढली. त्या आजीला पक्षाघात झाला. तिची शुश्रूषा करताना त्यांना कळले, की अशा रुग्णासाठी शहरात विशेष सोयच नाही. बहिणींनी शिंपल्यांच्या व मण्यांच्या शोभेच्या वस्तू करून विकल्या आणि सुरुवातीचा निधी उभा केला.

७/
पैसे अपुरे होते. साथ मिळाली ती लंडनचे लॉर्ड मेयर डेव्हिड वायर यांची. त्यांनाही पक्षाघाताचा अनुभव होता. नोव्हेंबर १८५९ मध्ये त्यांच्या अधिकृत निवासस्थानी, मॅन्शन हाऊसमध्ये, सभा भरली. १८६० मध्ये क्वीन स्क्वेअर येथील एका घरात पक्षाघात व अपस्मार यांच्या रुग्णांसाठी राष्ट्रीय रुग्णालय सुरू झाले. खाटा होत्या आठ.

८/
आठ खाटांत माणसे मावणार किती? बहुसंख्य रुग्ण येत, तपासून घेत, औषध घेत आणि घरी परतत. तत्कालीन लंडनमध्ये ज्येष्ठ वैद्य वॉर्ड सांभाळत आणि बाह्यरुग्णांची गर्दी तरुण साहाय्यक वैद्यांच्या वाट्याला येई. १८६२ मध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या रुग्णालयात साहाय्यक वैद्य म्हणून आले. वय २७.

९/
अपस्माराच्या डॉक्टरची एक विचित्र अडचण असते : त्याला झटका सहसा दिसतच नाही. रुग्ण समोर येतो तेव्हा तो नीट बोलत-चालत असतो. झटका घरी, शेतात, बाजारात येऊन गेलेला असतो आणि रुग्णाला स्वतःला तो आठवत नसतो. म्हणून या ओपीडीतले पहिले उपकरण होते प्रश्न. तोही दोघांना : रुग्णाला आणि सोबत आलेल्या माणसाला.

१०/
जॅक्सन यांचा आवडता प्रश्न असे, झटका सुरू कुठून होतो? उत्तरे ठरावीक येत. अंगठा आणि तर्जनी, तोंडाचा कोपरा, पायाचा अंगठा. तेथून आकडी ठरावीक वाटेने पसरे. यावरून त्यांनी तर्क केला, की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या हालचालींची मांडणी असली पाहिजे आणि झटका म्हणजे तेथील करड्या द्रव्याचा अचानक, अतिरेकी स्राव. अशा झटक्यांवरील त्यांचा मोठा निबंध १८७० चा. त्याच वर्षी जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला वीज लावून हालचाली घडवून दाखवल्या. विचारपूस करून काढलेला नकाशा प्रयोगाने खरा ठरू लागला.

११/
या साऱ्यात एक खासगी दुःखही होते. जॅक्सन यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना मेंदूच्या रक्तवाहिनीचा विकार जडला. त्यांनाही असेच शरीराच्या एका बाजूचे झटके येत. १८७६ मध्ये त्या गेल्या. पुढे शार्को यांनी या प्रकारच्या झटक्यांना जॅक्सन यांचेच नाव दिले.

१२/
बाहेर जगणारा रुग्ण काय शिकवू शकतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे वैद्यकीय वाङ्मयात 'डॉ. झेड' या नावाने ओळखले गेलेले गृहस्थ. ते स्वतः डॉक्टर होते. एकदा रुग्ण तपासतानाच त्यांना झटका आला. भानावर आल्यावर पाहतात तो टिपणवहीत त्यांच्याच अक्षरात निदान लिहिलेले : डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. त्यांनी पुन्हा तपासले. निदान बरोबर होते. लिहिल्याची आठवण मात्र शून्य. जॅक्सन यांनी १८८८ मध्ये ही हकीकत छापली. फेफरे म्हणजे पडणे आणि आचके देणे ही समजूत अशा नोंदींनी मोडली. इस्पितळात कोंडलेल्या रुग्णाच्या आयुष्यात ही घटना घडलीच नसती.

१३/
आता औषध. १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्या प्रसूती करणारे चार्ल्स लोकॉक यांनी सांगितले, की पोटॅशियम ब्रोमाइडने काही स्त्रियांचे झटके थांबतात. त्यामागची त्यांची मीमांसा चुकीची होती : अपस्माराचा संबंध ते कामवासनेशी जोडत. औषध मात्र खरोखर उपयोगी निघाले. क्वीन स्क्वेअरमध्ये ते मुबलक वापरले जाऊ लागले.

१४/
ब्रोमाइडने रुग्ण 'बरा' होत नसे. ते रोज, वर्षानुवर्षे घ्यावे लागे. मात्रा कमी पडली तर झटके परतत. जास्त झाली तर सुस्ती, मंदपणा, अंगावर पुरळ. म्हणजे मात्रा जुळवायला पुनःपुन्हा येणे आले, नोंद ठेवणे आले, मागची नोंद पाहणे आले. अशा औषधाला खाट लागत नव्हती. तारीख लागत होती. 'पुढच्या वेळी कधी येऊ?' हा प्रश्न उपचाराचाच भाग झाला.

१५/
या नोंदींचे सोने केले विल्यम गॉवर्स यांनी. ते १८७० मध्ये क्वीन स्क्वेअरला आले. पिटमनच्या लघुलिपीवर त्यांचे इतके प्रेम, की १८९४ मध्ये त्यांनी लघुलिपी लिहिणाऱ्या डॉक्टरांची संस्थाच काढली. लघुलिपीमुळे रुग्णाचे बोलणे त्याच्याच शब्दांत उतरे. १८८१ मधील त्यांचा अपस्मारावरील ग्रंथ १४५० रुग्णांच्या नोंदींवर उभा आहे. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचा आजार विशीच्या आत सुरू होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. पार्किन्सन यांचे सहा आणि गॉवर्स यांचे १४५० : या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच ओपीडी.

१६/
शस्त्रक्रियेलाही याच विचारपुशीचा आधार मिळाला. मे १८८६ मध्ये व्हिक्टर हॉर्सली यांनी क्वीन स्क्वेअरमध्ये २२ वर्षांच्या एका स्कॉटिश तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. लहानपणी डोक्याला मार लागल्यापासून त्याला झटके येत. मेंदूचे छायाचित्र काढण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून नऊ वर्षे होती. जुन्या जखमेची खूण होती, आणि झटका कोणत्या अवयवापासून सुरू होतो ही माहिती होती.

१७/
साल्पेत्रियेरमध्ये बाह्यरुग्ण तपासणी सुरू झाली १८८१ च्या सुमारास. स्त्रियांच्या त्या आश्रयगृहात आता बाहेरचे पुरुष रुग्णही येऊ लागले. दर मंगळवारी शार्को पूर्वी न पाहिलेले बाह्यरुग्ण श्रोत्यांसमोर तपासत. शिष्य ते संवाद उतरवून घेत. ही 'मंगळवारची व्याख्याने' पुढे ग्रंथरूपाने आली. १८८५-८६ च्या हिवाळ्यात तेथे शिकायला आलेल्या सिग्मंड फ्रॉईड या तरुणाने त्यांचे जर्मन भाषांतर केले.

१८/
येथे ओपीडीचे दोन चेहरे दिसतात. गाडीच्या वा रेल्वेच्या लांब प्रवासात बरे वाटते, असे कंपवाताचे रुग्ण सांगत. शार्को यांनी ते ऐकून थेट हादरे देणारी खुर्ची बनवून घेतली. हा ऐकणारा डॉक्टर. दुसरीकडे तोच रुग्ण प्रेक्षकांसमोरचा नमुनाही होता. गरीब माणसाने आपले दुःख भरल्या सभागृहात उघडे करावे, ही त्या मोफत सल्ल्याची किंमत. ब्रुइये यांच्या १८८७ च्या प्रसिद्ध चित्रात मूर्च्छित ब्लांश विटमन हिच्याभोवती पुरुषांची दाटी आहे. ती वॉर्डातली रुग्ण होती. पण पाहणाऱ्यांची नजर मंगळवारीही तीच असे.

१९/
भारतात या आजाराची ओळख जुनी. चरकसंहितेत अपस्माराचे निदान आणि चिकित्सा यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. शब्दातच स्मृती जाणे अभिप्रेत आहे. तरीही समाजात कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, अंगात आले म्हणणे चालूच राहिले. वसाहतकाळात वेड्यांच्या इस्पितळांच्या अहवालांत वेडाच्या कारणांमध्ये अपस्मार मोजला जाई. मेंदूचा आजार आणि वेड यांची ही गाठ सोडवणे हे भारतातल्या ओपीडीपुढचे पहिले काम होते.

२०/
१९४९ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी विभाग सुरू केला. मुंबईत के. ई. एम.मध्ये डॉ. एडी भरुचा यांनी, तर १९५७ पासून जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांनी मज्जाविकारशास्त्र रुजवले. १९७१ मध्ये वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी तोल जाणे आणि डोळ्यांची हालचाल मंदावणे असा एक आनुवंशिक आजार नऊ भारतीय कुटुंबांत वर्णन केला. निबंध छापला गेला 'ब्रेन' या नियतकालिकात. त्याच्या संस्थापकांपैकी एक होते ह्यूलिंग्ज जॅक्सन. एकट्या रुग्णाच्या खाटेपाशी 'कुटुंब' दिसत नाही. ते दिसायला आई, भाऊ, मुलगी यांनीही यावे लागते.

२१/
विज्ञान पुढे गेले तरी कायदा मागे राहू शकतो. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात, वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र, अशी अट आली. अशा कारणावरून विवाह रद्दही करवता येई. तेव्हा फेनिटॉइन हे प्रभावी औषध वापरात येऊन जवळजवळ चार दशके झाली होती! १९९९ च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द वगळला गेला. मधल्या २३ वर्षांत किती मुलींनी गोळ्यांची पुडी सासरी लपवली असेल, आणि लपवताना किती डोस चुकले असतील, याची नोंद कोणत्याही केसपेपरवर नाही.

२२/
आणि जो शहरातल्या ओपीडीपर्यंत पोहोचतच नाही, त्याचे काय? याचे एक उत्तर कर्नाटकातील येळंदूर तालुक्यातून आले. डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी तेथे खेड्यातच अपस्माराचे उपचार केले. औषधे जुनी आणि स्वस्त : १९१२ पासून अपस्मारावर वापरले जाणारे फेनोबार्बिटोन आणि १९३८ पासूनचे फेनिटॉइन. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाने दाखवले, की साध्या औषधांनी आणि नियमित पाठपुराव्याने खेड्यातही झटके आटोक्यात ठेवता येतात.

२३/
स्कॅन, ईईजी, शस्त्रक्रिया यांचा इतिहास नेहमी सांगितला जातो. त्यामानाने बाक, वही आणि पुढची तारीख यांचा कोणी सांगत नाही. पण फेफऱ्याचा रुग्ण घरी राहून शिकू शकतो, नोकरी करू शकतो, लग्न करू शकतो, ही शक्यता प्रथम निर्माण झाली ती याच तीन साध्या गोष्टींतून. त्यांची सुरुवात एका आजीच्या आजारपणापासून आणि शिंपल्यांच्या वस्तू विकणाऱ्या दोन नातींपासून झाली, हे वैद्यकाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे.