इंजिनाचा जीर्णोद्धार

परवान्यांच्या अमलात मुंबईत नवी मोटार मिळणे जितके दुष्कर होते, तितकेच जुनी मोटार चालती ठेवणे अपरिहार्य होते. १९२८ पासून शिवडीत मोटारींची जुळणी करणारा जनरल मोटर्सचा कारखाना, सरकारच्या नव्या धोरणानंतर, १९५४ साली बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली खरी, परंतु उत्पादन परवान्याने व आयात हुकुमाने जखडलेली असल्यामुळे अर्ज केल्यापासून गाडी दारात उभी राहीपर्यंत वर्षे लोटत. या टंचाईतून इंजिन बांधण्याची जी विद्या गॅरेजांमधून वाढली, तिची दखल आपल्या औद्योगिक इतिहासाने फारशी घेतली नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

या विद्येचे मर्म नवा भाग बसविण्यात नव्हते. कोणता जुना भाग राखता येईल, या निवाड्यात होते. फियाटच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही: वरची रिंग जेथून मागे फिरते तेथे, आणि पिस्टन ज्या अंगास रेटला जातो त्या अंगास, झीज अधिक, त्यामुळे वर्तुळ लांबट होते, माथ्याशी न झिजलेली कड उरते, ऑइल वर चढून जळते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. रॉकेलच्या परातीत सुटे भाग धूत शिकणाऱ्या पोराची पहिली कसोटी त्या कडेपाशीच लागे, कारण ती न काढता नवी रिंग घातली तर ती कडेवर आपटून तुटे व गिऱ्हाइकाचा पैसा वाया जाई. रॉडच्या टोप्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून उघडण्यापूर्वीच पंचाने ठिपके उमटवावयाचे. क्रँकचे जर्नल एकमेकांस काटकोनात दोनदा मोजावयाचे. व्हॉल्व पेस्ट लावून हातानेच घासावयाचे आणि हेडमध्ये रॉकेल ओतून ते झिरपत नाही ना, हे पाहावयाचे. या कामांस पैसा थोडा लागे, धीर मात्र पुष्कळ.

झीज अल्प असली तर रिंगा व व्हॉल्व एवढ्यावर भागे. यास ‘हाफ इंजिन’ म्हणत. मर्यादा ओलांडली की ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे जाई, ओव्हरसाइज पिस्टन पडे, आणि वाढीव मापेही संपली की स्लीव्ह ठोकून सिलिंडर पुन्हा मूळ व्यासावर आणीत. ऐपत बेताची असलेला टॅक्सीवाला असा एकच ब्लॉक वर्षानुवर्षे वापरी.

१९९३ साली मोटारधंद्यावरील परवाना उठला, गाड्या मुबलक झाल्या. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच फियाटचे पुढचे रूप असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या सेवेतून गेली. त्या इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री अद्याप हयात आहेत, आणि त्यांचा हा निवाडा कोणत्याही दफ्तरात नोंदलेला नसल्यामुळे तो त्यांच्या तोंडून आताच उतरवून घेतला पाहिजे.