ग्रीन बेचे मालक आणि त्यांचा वाद

खेळ पाहणारा मनुष्य सामना संपल्यावर ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणतो, तेव्हा व्याकरणदृष्ट्या तो चुकत असतो. धावणारे दुसरे, मार खाणारे दुसरे, पैका मिळविणारे तिसरेच. आणि हा गृहस्थ मात्र प्रथमपुरुषी अनेकवचन वापरून मोकळा होतो. ही चूक सर्व देशांत घडते व ती सुधारण्याच्या भरीस कोणी पडत नाही. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी विस्कॉन्सिन ह्या संस्थानात, मिशिगन सरोवराच्या एका आखाताशी, असे एक गाव आहे की, तेथील प्रेक्षकाने हे सर्वनाम वापरले तर त्यास कायद्याचा कागद पुढे करता येतो. गावाचे नाव ग्रीन बे. 2020 सालच्या खानेसुमारीत त्याची वस्ती सुमारे 1 लक्ष 7 हजार भरली. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस अँजेलिस अशा महानगरांच्या धंदेवाईक फुटबॉल संघांच्या पंक्तीस हे एवढेसे गाव शंभर वर्षांहून अधिक काळ बसले आहे, आणि तेथील ‘पॅकर्स’ नामक संघाचे मालक पाच लाखांहून अधिक सामान्य लोक आहेत. ह्या मालकांनी आपल्या खेळाडूंविषयी पिढ्यान् पिढ्या जो वाद घातला, त्याचा इतिहास आम्हांस मोठा उद्बोधक वाटतो.

प्रथम हा खेळ कोणता, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यात पायाचे काम थोडे आणि हाताचे व खांद्याचे फार. चेंडू लांबट असतो. प्रत्येक पक्षात अकरा गडी. ज्या पक्षाकडे चेंडू आहे त्याने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावयाचे, नाही तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावयाचा. ह्या चढाईचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे द्यावा, की दूर फेकावा, की स्वतःच घेऊन पळावे, हा निर्णय चारपाच बलदंड माणसे अंगावर धावून येत असता त्याने क्षणार्धात घ्यावयाचा असतो. संघाचे भवितव्य ह्या एका इसमावर इतके अवलंबून असते की, त्याच्या निवडीचा प्रश्न म्हणजे जणू गादीच्या वारसाचाच प्रश्न होय. ग्रीन बेचे मोठे वाद ह्या गादीपाशीच घुटमळत आले आहेत.

संघाचा जन्म 1919 सालच्या ऑगस्टात झाला, आणि तो झाला एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. कर्ली लॅम्बो नावाचा तरुण खेळाडू आणि ‘ग्रीन बे प्रेस-गॅझेट’ पत्रातील जॉर्ज कॅल्हून ह्या दोघांनी ही मंडळी जमविली. लॅम्बो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत नोकरीस होता तिने कपड्यांसाठी 500 डॉलर दिले, म्हणून संघास ‘पॅकर्स’, म्हणजे डबे भरणारे, असे नाव पडले. (कंपनीच्या नावात ‘इंडियन’ हा शब्द होता, त्याचा आपल्याशी काही संबंध नाही.) तिकिटे नव्हती, कॅल्हून प्रेक्षकांतून टोपी फिरवी आणि जे पडेल ते घेई. संघ आणि त्याच्याविषयीची छापील चर्चा ही अशी जुळी भावंडे होत, आणि ग्रीन बेच्या पुढील स्वभावाची पुष्कळशी उकल आम्हांस ह्या एका गोष्टीत सापडते.

टोपीतील नाण्यांवर संघ चालेना. तेव्हा 1923 साली गावातील काही व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन पाच पाच डॉलरांचे एक हजार भाग विक्रीस काढले. भागावर नफा वाटावयाचा नाही, आणि पुढेमागे संघ विकलाच तर येणारी रक्कम सैनिकांचे स्मारक उभारण्यासाठी द्यावयाची, असे ठरले. हे दुसरे कलम साधे दिसते, परंतु गावाच्या रक्षणास तेच कोट ठरले. संघ बाहेर विकून कोणाचेच घर भरणार नव्हते, मग तो विकावा कोणी आणि कशासाठी? (1997 साली स्मारकाच्या जागी संघाच्याच धर्मादाय निधीची योजना झाली, तत्त्व तेच राहिले.) पुढे एक प्रेक्षक बाकावरून पडला, त्याने दावा जिंकला, विमा कंपनी बुडाली आणि संघ न्यायालयाच्या ताब्यात गेला. तेव्हा 1935 साली पुन्हा भाग विकून पंधरा हजार डॉलर उभे केले. 1950 साली लॅम्बो सोडून गेला व तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा तिसरी विक्री झाली. त्यानंतर 1997, 2011 आणि 2021 ह्या सालांच्या विक्रींमुळे भागधारकांची संख्या लाखांवर गेली. अखेरच्या विक्रीत एका भागाची किंमत 300 डॉलर होती. त्यावर लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, त्याच्या बळावर सामन्याचे तिकीटही मिळत नाही. तिकिटांच्या प्रतीक्षायादीत तर लाखाहून अधिक नावे पडून आहेत. असा केवळ तोट्याचा व्यवहार पाच लक्ष माणसांनी हौसेने केला.

इतरत्र काय घडते, हे पाहिल्याखेरीज ह्या तोट्याची किंमत कळत नाही. बाल्टिमोर शहराचा ‘कोल्ट्स’ संघ एका धनिकाच्या मालकीचा होता. 1984 सालच्या मार्चमधील एका रात्री त्याने सर्व सामान मालमोटारींत भरविले आणि संघ इंडियानापोलिसला नेला. सकाळी शहर जागे झाले तो संघ नाही. पुढे 1995 साली क्लीव्हलंडच्या ‘ब्राउन्स’ संघाच्या मालकाने आपला संघ त्याच बाल्टिमोरास नेण्याचे जाहीर केले. मोठा झगडा होऊन क्लीव्हलंडच्या लोकांना नाव आणि रंग तेवढे राखून ठेवता आले, आणि 1999 पर्यंत ते संघावाचून बसले. ह्या शहरांतील लोकही पुढील वर्षी कोणता खेळाडू घ्यावा ह्याचा खल करीतच होते, आणि त्यांचा जिव्हाळा काही उणा नव्हता. उणा होता तो कागद.

आता ग्रीन बेच्या मालकीची दुसरी बाजू. हे पाच लक्ष मालक दर वर्षी सभेस येऊ शकतात, संचालक मंडळ निवडू शकतात. परंतु कोणता खेळाडू घ्यावा आणि कोणाची रवानगी करावी, ह्याविषयी त्यांस काडीचाही अधिकार नाही. तो सर्वस्वी नेमलेल्या व्यवस्थापकाचा. आपल्याकडील सहकारी संस्थांचे भागधारक हे वाचून हसतील किंवा उसासा टाकतील. अधिकार नसलेल्या मालकापाशी उरते काय? तर वाद. आणि वादास खाद्य पुरविण्याची व्यवस्था फुटबॉल संघांच्या संयुक्त मंडळाने 1936 सालापासून करून ठेवली आहे. दर वर्षी विद्यालयीन खेळाडूंमधून नवे गडी निवडताना मागील मोसमात जो सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली. हिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. हरलेल्यास आशा आणि जिंकलेल्यास चिंता, असे हे वाटप असल्यामुळे मैदान ओस पडले तरी चर्चा थांबत नाही.

ह्या चर्चेत लोकांचे अनुमान कितपत खरे ठरते? 1956 सालच्या ड्राफ्टमध्ये बार्ट स्टार हा तरुण दोनशेवा निवडला गेला. त्याच्यावर कोणी पैज लावली नसती. 1958 साली संघाने बारांपैकी एकच सामना जिंकला. पुढील वर्षी व्हिन्स लोंबार्डी हा कडक शिस्तीचा गुरू आला, आणि त्याच स्टारला हाताशी धरून त्याने 1961 ते 1967 ह्या सात वर्षांत पाच अजिंक्यपदे मिळविली. म्हणजे येथे लोकांची दृष्टी तोकडी पडली. परंतु जाणत्यांची दृष्टी तरी कोठे अचूक असते? 1974 साली प्रशिक्षक डॅन डिव्हाइन ह्याने चौतीस वर्षांच्या जॉन हॅडल ह्या क्वार्टरबॅकसाठी ड्राफ्टमधील पाच निवडी लॉस अँजेलिसला देऊन टाकल्या. त्यांत दोन पहिल्या फेरीच्या, दोन दुसऱ्या फेरीच्या. भुकेच्या पोटी बियाणे विकून खाण्याचाच हा प्रकार. डिव्हाइन त्या मोसमानंतर निघून गेला, आणि नापीक झालेले शेत कसण्याचे काम 1975 पासून प्रशिक्षक झालेल्या बार्ट स्टारच्या वाट्यास आले. अजिंक्य वीर प्रशिक्षक म्हणून नऊ वर्षे झगडला, आणि त्याच्याच नावाचा जयघोष केलेल्या गावात 1983 नंतर त्यास दूर करण्यात आले.

मग 1992 साली व्यवस्थापक रॉन वुल्फ ह्याने पहिल्या फेरीची एक निवड देऊन अटलांटाहून ब्रेट फार्व्ह हा गडी आणला. अटलांटास त्याने मागील मोसमात चार वेळा चेंडू फेकला होता. त्यांपैकी एकही आपल्या माणसाच्या हाती गेला नाही आणि दोन शत्रूने झेलले. सौदा वेडेपणाचा दिसत होता. परंतु त्या सप्टेंबरपासून 2008 च्या जानेवारीपर्यंत फार्व्हने ग्रीन बेचा एकही सामना चुकविला नाही, आणि 1997 सालच्या जानेवारीत अजिंक्यपदही आणले. धाडसी, उधळ्या, कधी एका फेकीने सामना जिंकून देणारा तर कधी तसाच घालविणारा हा मनुष्य गावास पोटच्या पोरासारखा वाटू लागला.

2005 साली संघाने ड्राफ्टमध्ये चोविसावा म्हणून ॲरन रॉजर्स हा तरुण क्वार्टरबॅक घेतला आणि वारसाचा प्रश्न उभा राहिला. फार्व्ह 2008 च्या मार्चमध्ये अश्रू ढाळीत निवृत्त झाला. उन्हाळ्यात त्याचे मन फिरले व तो परत येऊ म्हणाला. व्यवस्थापक टेड थॉम्प्सनने उत्तर दिले की, आता गादी रॉजर्सची. ऑगस्टात फार्व्हची पाठवणी न्यूयॉर्कच्या ‘जेट्स’ संघाकडे झाली. गावात दोन तट पडले. सोळा वर्षांच्या सेवेचा हाच मोबदला काय, असे एक तट विचारी. संघ व्यक्तीहून मोठा नव्हे काय, असे दुसरा. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते, म्हणूनच वाद मिटेना. त्या मोसमात रॉजर्सने सहा सामने जिंकून दहा गमावले, तेव्हा पहिल्या तटास जोर आला. पुढील वर्षी फार्व्ह शेजारच्या व कट्टर वैरी अशा मिनेसोटा संघात गेला आणि त्याने ग्रीन बेस दोनदा हरविले. ज्या मैदानाने त्यास डोक्यावर घेतले होते त्यानेच त्याची हुर्यो उडविली. 2011 सालच्या फेब्रुवारीत रॉजर्सने अजिंक्यपद आणले, तेव्हा थॉम्प्सनचे शहाणपण सिद्ध झाले. परंतु शहाणपण सिद्ध झाल्याने मन निवळते असे नाही. त्यास 2015 साल उजाडावे लागले. त्या नोव्हेंबरात, पावसाळी रात्री, फार्व्हचा चार हा आकडा मैदानावर कायमचा लावण्यात आला, आणि त्या प्रसंगी आजाराने जर्जर झालेला बार्ट स्टार तेथे आला. लोकांनी दोघांसही उभे राहून मान दिला. त्या रात्रीचा सामना मात्र ग्रीन बेने गमावला.

आम्हांस ह्या हकीकतीत विशेष वाटते ते हे की, गाव क्षमा करू शकले, कारण संघ गावातच होता. बाल्टिमोरच्या माणसाने भांडावे कोणाशी आणि समेट करावा कोणाशी?

वारसाचा खेळ येथेच थांबला नाही. 2020 साली लोकांची एकमुखी अपेक्षा होती की, रॉजर्सच्या फेकी झेलण्यास पहिल्या फेरीतला एखादा चपळ गडी घ्यावा. व्यवस्थापकाने उलट निवडीची पाळी पुढे सरकवून घेतली आणि जॉर्डन लव्ह हा आणखी एक क्वार्टरबॅकच घेतला! पंधरा वर्षांपूर्वीचा वारस आता स्वतःच जुना राजा ठरला होता. त्याने चिडून की काय, लागोपाठ दोन वर्षे सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविला. आणि 2023 च्या एप्रिलात त्याचीही पाठवणी झाली ती त्याच न्यूयॉर्कच्या जेट्सकडे. नाटककाराने असे लिहिले असते तर टीकाकारांनी त्यास कल्पनादारिद्र्याचा दोष दिला असता. रॉजर्स तेथे चौथ्याच डावात टाच दुखावून मोसमापुरता बाद झाला. लव्हने इकडे 2024 च्या जानेवारीत डल्लासचा त्यांच्याच मैदानावर पाडाव केला.

2025 सालच्या एप्रिलात ड्राफ्टचा सोहळाच ग्रीन बे येथे भरला. विस्कॉन्सिन दुधालोण्याचा मुलूख असल्याने तेथील भक्त डोक्यावर चीजच्या पिवळ्या त्रिकोणी तुकड्याच्या आकाराची टोपी घालतात. अशा टोप्यांच्या समुद्रासमोर मॅथ्यू गोल्डन ह्या चेंडू झेलणाऱ्या गड्याचे नाव पुकारण्यात आले. 2002 नंतर पहिल्या फेरीत असा गडी संघाने प्रथमच घेतला होता. तेवीस वर्षांचे गाऱ्हाणे मिटले म्हणून गावाने जल्लोष केला. नंतर ऑगस्टच्या अखेरीस व्यवस्थापकाने डल्लासचा मायका पार्सन्स हा नामांकित गडी मिळविला, आणि त्याच्या बदली एक जुना अनुभवी खेळाडू व पुढील दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या दोन्ही निवडी देऊन टाकल्या. पार्सन्स त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता, चौतीस वर्षांचा नव्हे, हे खरे. तरी 1974 साल ज्यांनी डोळ्यांनी पाहिले असे भागधारक अद्याप हयात आहेत, आणि त्यांच्याही भिंतीवर तो भागाचा कागद चौकटीत बसवून टांगलेला आहे.